खिशात मावणारा कॅमेरा : दोहोंतून एक निवडताना



मागील अंकात या सदरातून सौर बंबाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत बंबाविषयी चार ओळी आणि उरलेले पानभर एकच पृच्छा आहे. खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा घ्यावयाचा आहे, दुकानदार दोन-दोन कॅमेरे पुढ्यात ठेवतो, दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, तर निवडावा कसा? हाच प्रश्न गेल्या कार्तिकात आमच्या घरी उभा राहिला होता आणि तो सुटण्यास चार दिवस व एक जत्रा लागली. ती हकीकतच सांगते. तीत पत्रलेखकांचे उत्तरही येऊन जाईल.

कॅमेरा हवा होता तो माझ्या वडिलांना. अण्णा ८१ वर्षांचे आहेत. त्यांचे आजोबा कोल्हापूरकडून घाट उतरून मालवणास आले आणि बाजारपेठेत त्यांनी कापडाचे दुकान थाटले. दुकानामागेच आमचे राहते घर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे ओटी, मध्ये काळोखे माजघर आणि मागे विहिरीकडे उघडणारी पडवी. आम्ही भावंडे एकेक करून घाटावर गेलो. आता अण्णा आणि आई यांनीही आमच्याकडे कोल्हापुरास यावे आणि मार्गशीर्ष सरण्यापूर्वी घर दुसऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन करावे, असे सर्वांच्या विचाराने ठरले. ठरल्यानंतर आठवड्याभराने अण्णांचा फोन आला.

"बाळ, त्या नव्या कॅमेऱ्यात म्हणे फिल्म नसते. खरे का?"

मी होय म्हटले.

"मग माझ्यासाठी एक बघ. घर सोडण्याआधी मला ते माझ्या हाताने टिपायचे आहे."

या प्रश्नातील मेख तरुण वाचकांस कदाचित उमगणार नाही. अण्णांकडे आगफा कंपनीचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये १२ चौकोनी छायाचित्रे निघत. माझा पहिला वाढदिवस, दुकानाची नवी पाटी, होडीतून किल्ल्यावर नेलेली सहल, हे सारे त्या डबीने टिपलेले. पुढे १९८० च्या सुमारास त्यांच्या वाचनात आले की फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात धरून ठेवलेले असतात आणि हे जिलेटिन जनावरांची कातडी व हाडे यांपासून काढतात. गोष्ट खरीच आहे. क्षार प्लास्टिकच्या पट्टीवर आपण होऊन बसत नाहीत. जिलेटिन त्यांना सांभाळते आणि धुण्याच्या रसायनात फुगून रसायनाला आतवर वाट देते, म्हणूनच फिल्मला ते आवश्यक ठरले. अण्णा कोणाशी काही बोलले नाहीत. अर्धा वापरलेला रोल पोटात घेऊन क्लिक थ्री कपाटात गेला. त्यांनी इतरांना कधी मना केले नाही. आमच्या लग्नांत स्टुडिओवाले आले, अण्णा त्यांच्यासमोर उभेही राहिले. परंतु स्वतःच्या हाताने त्यांनी पुन्हा रोल भरला नाही. आमच्या अल्बममध्ये त्या वर्षानंतरचे, त्यांच्या नजरेने पाहिलेले, एकही छायाचित्र नाही.

दुसरी अडचण अण्णांनी सांगितली नव्हती, पण ती मला ठाऊक होती. गेली तीन-चार वर्षे त्यांचे हात कापतात. चहाचा पेला ते दोन्ही हातांनी धरतात.

दुकानात जाऊन काचेआडून पाहण्यापेक्षा दोन कॅमेरे चार दिवस वापरून पाहावेत, असे मी ठरविले. माझ्या यजमानांच्या भाच्याकडे सोनी सायबरशॉट टी १० होता, तो २००६ च्या उत्तरार्धात आलेला. शेजारच्या वहिनींनी कॅनन डिजिटल इक्सस ७० नुकताच घेतला होता, तो २००७ च्या आरंभी निघालेला. दोघांनीही विश्वासाने ते दिले आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आठवड्यात आम्ही मालवणास निघालो.

गाडीत दोन्हींच्या माहितीपत्रिका वाचून काढल्या. ज्या आकड्यावर दुकानदार सर्वाधिक भर देतात, तो येथे निरुपयोगी ठरला. एक कॅमेरा ७.१ मेगापिक्सेलचा, दुसरा ७.२ चा. दोन्हींची चित्रे ३०७२ गुणिले २३०४ बिंदूंची, म्हणजे सत्तर लाखांहून अधिक बिंदूंची. नेहमीच्या ४ गुणिले ६ इंची प्रतीस, इंचामागे ३०० बिंदू धरले तरी, एकवीस लाख साठ हजार पुरतात. दोन्हींतील प्रकाश टिपणारी चकती एकाच मापाची, करंगळीच्या नखाहून लहान. दोन्हींचा झूम तिप्पट, पडदा अडीच इंची, जाडी २० मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा मेगापिक्सेलच्या दशांशावरून भांडणाऱ्या दुकानदारास वाचकांनी नम्रपणे थांबवावे.

खरे भेद लहान अक्षरांत होते. कॅननच्या भिंगाचा आरंभ ३५ मिलिमीटरपासून, सोनीचा ३८ पासून. (हे आकडे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने सांगण्याची प्रथा आहे.) तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल, पण तीन मीटर अंतरावरून कॅननमध्ये वीतभर रुंदी अधिक मावते. अरुंद जागेत ही वीत मोलाची असते. कॅननचे भिंग आरंभी २.८ पर्यंत उघडते, सोनीचे ३.५ पर्यंत. हा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक, म्हणून कॅननमध्ये सुमारे दीडपट प्रकाश येतो. झूम पूर्ण ताणला की मात्र पारडे उलटते. तेथे सोनी ४.३ वर राहतो, कॅनन ४.९ वर जातो.

सोनीजवळ दोन गोष्टी अशा होत्या की ज्या कॅननजवळ नाहीत. एक म्हणजे त्याचे भिंग बाहेर येतच नाही. आतील लोलक प्रकाशाला काटकोनात वळवितो आणि झूमची सारी हालचाल पेटीच्या आत होते. पुढचे झाकण खाली सरकविले की कॅमेरा सुरू. दुसरी गोष्ट हाताचा कंप सावरण्याची. हात हलला की आतील सूक्ष्म संवेदक ते ओळखतात आणि भिंगातील एक काच विरुद्ध दिशेने सरकते. कापऱ्या हातांसाठी याहून दुसरे काय हवे? गगनबावड्याचा घाट उतरण्यापूर्वीच मी मनाशी निकाल लावून टाकला होता. कॅनन मी केवळ तुलनेपुरता पिशवीत ठेवला होता.

पहिल्या दिवशी माझाच निकाल खरा ठरत होता. अण्णांनी माजघरापासून आरंभ केला. तेथे दुपारी बारा वाजताही एका कवडशाचाच उजेड असतो. जाते, वह्यांची फडताळे, आईची तांब्याची घागर. फ्लॅश लावला की भिंत पांढरी आणि मागचे सारे काळे होते, म्हणून तो बंद केला. सोनीने टिपलेली जात्याची कड स्वच्छ आली. कॅननच्या दीडपट प्रकाशाचा काही उपयोग झाला नाही. कंप त्याला पुरून उरला आणि निम्म्याहून अधिक चित्रे फिसकटली. मात्र सोनीचे भिंग पेटीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात आहे आणि नेमके तेथेच डाव्या हाताचे बोट येते. पहिल्या अकरा छायाचित्रांपैकी चारांत अण्णांचे बोट उगवले होते. ओटीवर जुना बाक आणि दोन्ही खांब एका चित्रात घेण्यासाठी सोनी घेऊन ते मागे मागे सरत पायरीवर आले तेव्हा मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. कॅननमध्ये तेच चित्र उंबऱ्यातून मावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावर आणि तेथून जेटीवर गेलो. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्या किल्ल्याची पायाभरणी केली, तो सिंधुदुर्ग जेटीवरून समोर पसरलेला दिसतो. अण्णांना लहानपणापासूनची त्यांची जागा ठाऊक होती, तेथे ते उभे राहिले. ऊन असे की दोन्ही पडदे काळे पडले. सोनी हात लांब करून धरला तर, "मला यात माझाच चष्मा दिसतो," असे ते म्हणाले. लांब केलेला हात अधिक कापतो, हेही तेव्हाच ध्यानात आले. सोनीची योजना चित्र फिसकटू देत नव्हती हे खरे. परंतु अर्धा तट कापला गेला आणि समुद्र एका अंगाला कलला, त्याला ती काय करणार?

कॅननच्या पाठीवर पडद्याच्या वर एक इवलीशी काचेची खिडकी आहे, डोळा लावून पाहण्याची. मी तिच्याकडे लक्षच दिले नव्हते. ती फारशी चांगली नाही, हेही सांगते. प्रत्यक्ष चित्रात येते त्याहून पुष्कळ कमी तीत दिसते आणि जवळच्या वस्तूंना ती फसविते, कारण ती भिंगातून पाहत नाही. परंतु अण्णांनी चष्मा कपाळावर सरकविला, कॅमेरा गालाला टेकविला, दोन्ही कोपरे बरगड्यांशी आवळले आणि श्वास रोखला. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीची सवय त्यांच्या हातांत तशीच होती. कपाळ, गाल आणि कोपरे यांच्या आधाराने हात जवळजवळ स्थिर झाले. तशातच भर उन्हात कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटते, तेथे उरलासुरला कंप दिसत नाही. किल्ल्याचा तट सरळ आला, आणि तटाखालचे फेसाळ पाणीही.

होडीतून किल्ल्यावर जाताना दोन्ही कॅमेरे मी डब्यात बंद ठेवले होते. खाऱ्या तुषारांपासून दोहोंपैकी एकालाही अभय नाही. वाळूच्या बाबतीत मात्र सोनीची बंद पेटी निःसंशय उजवी. काही वर्षांपूर्वी तारकर्लीस एका नातलगांच्या कॅमेऱ्याचे बाहेर येणारे भिंग (कंपनी कोणती ते सोडून देऊ) वाळूच्या चार कणांनी अर्ध्यावर अडकलेले मी पाहिले आहे. किनाऱ्यावर ज्यांचा रोजचा वावर आहे, त्यांनी हा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांच्या वर ठेवावा. पाण्यातच उतरावयाचे असेल तर हे दोन्ही बाजूस ठेवून ऑलिम्पसचा म्यू ७७० एसडब्ल्यू पाहावा. तो १० मीटर खोल पाण्यातही चालतो.

तिसऱ्या रात्री जवळच्या एका गावची जत्रा होती. दशावतारी नट स्वतःची रंगभूषा स्वतः करतात, हे कोकणाबाहेरच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. देवळामागच्या पडवीत एकेका पेटीसमोर, हातात आरसा धरून, एकेक जण राजा, राक्षस किंवा राणी होत असतो. स्त्री-भूमिका करणाऱ्या कित्येकांच्या साड्या आमच्या दुकानातून गेलेल्या. अण्णांना पाहताच दोघांनी उठून नमस्कार केला. एक म्हणाला, "शेठ, मी नेसलंय ती साडी तुमचीच हा." एका पिवळ्या दिव्याच्या उजेडात भुवई रेखणारा तो नट सोनीने असा टिपला की कुंचल्याचे केस मोजून घ्यावेत. कॅननमध्ये ते चित्र येणे शक्यच नव्हते.

पुढे रंगमंचावर राजाने तलवार उपसली आणि सोनीचीही मर्यादा उघडी पडली. मागचा पडदा स्वच्छ आला आणि राजाच्या जागी एक लालसर फराटा. कंप सावरणारी योजना छायाचित्रकाराचा हात सावरते, समोरच्याची धाव थांबवीत नाही. विक्रेते हा भेद सांगत नाहीत. धावती मुले अंधुक प्रकाशात टिपण्याच्या आशेने ही योजना घेणाऱ्यांची निराशा होते. धाव थांबविण्यास प्रकाश किंवा अधिक आयएसओ, म्हणजे चकतीची वाढविलेली संवेदनक्षमता, हवी. कॅननमध्ये ती १६०० पर्यंत आणि सोनीत १००० पर्यंत नेता येते. पण चारशेपलीकडे दोन्हींची चित्रे रवाळ होतात. फ्लॅशची झेप तीन मीटरच्या आसपास, आणि रंगात आलेल्या नाटकावर फ्लॅश उडविणे अण्णांना असभ्य वाटले. तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्या हाती दिला आणि खेळ पाहू लागले.

चौथ्या दिवशी भारनियमन संपून वीज आल्यावर दोन्ही कॅमेरे वायरने टीव्हीला जोडून सारी छायाचित्रे पाहिली. आईने एकदाच तोंड उघडले. "या कॅमेऱ्यात आपलं घर मोठं दिसतं," ती म्हणाली. तो कॅनन होता. वीतभर रुंदीचा हिशेब मी तिला सांगितला नव्हता. माझे मत अजून सोनीच्याच बाजूने होते आणि मी ते आग्रहाने मांडले. माजघरातील फिसकटलेली चित्रे एकापाठोपाठ दाखविली. अण्णांनी सारे ऐकून घेतले.

"अण्णा, माजघर तर तुम्हांला हवंच आहे ना? मग तिथे काय कराल?"

"माजघरातलं जातं काही पळून जात नाही. कॅमेरा फडताळावर ठेवीन. पण उन्हात मला दिसलंच नाही, तर मी काय टिपू?"

मग तसेच करून पाहिले. फडताळावर घडी घातलेले कापड, त्यावर कॅनन, आणि दोन सेकंदांनी आपोआप कळ दाबली जाण्याची योजना लावलेली. बोटाने कळ दाबताना बसणारा धक्का त्या दोन सेकंदांत शांत होतो. सेकंदभर उघड्या राहिलेल्या झडपेतून माजघर असे उतरले की हातात धरलेल्या सोनीचे चित्र त्यापुढे फिके वाटावे. सोनीही फडताळावर ठेवता आला असता, हे खरे. परंतु सोनीला उन्हासाठी खिडकी लावता आली नसती. वाद तेथे मिटला आणि आम्ही कॅनन घेतला.

तरीही पत्रलेखिका भगिनींपैकी ज्यांनी "लग्नसमारंभात, मंदिरात फ्लॅशवाचून छायाचित्रे काढावयाची आहेत" असे लिहिले आहे, त्यांनी माझ्या वडिलांचे अनुकरण करू नये. त्यांनी सोनीच घ्यावा. फक्त डावे बोट सांभाळावे. ज्यांच्या घरी पासष्टीपुढचे कोणी कॅमेरा हाताळणार आहेत, त्यांनी त्यांनाच दुकानात न्यावे आणि दुकानदारास विनंती करून कॅमेरा दाराबाहेर उन्हात धरून पाहावा. दुकानातील दिव्यांखाली सारेच पडदे सुंदर दिसतात.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. कॅननला एसडी कार्ड लागते, सोनीला त्यांचे स्वतःचे मेमरी स्टिक ड्युओ. एसडी स्वस्त, आणि लहान गावातही मिळते, म्हणून खर्चाचा हिशेब करताना कार्डाची किंमत मिळवूनच तुलना करावी. दोन्हींच्या बॅटऱ्या एका चार्जमध्ये दोनशे ते अडीचशे चित्रे देतात. भारनियमनाच्या दिवसांत दुसरी बॅटरी जवळ असावी. कव्हर देताना दुकानदार चामड्याचे काढतो, तेव्हा आपण आधीच कापडी मागावे. कोकणच्या दमटपणात तेच हिताचेही आहे, कारण बंद चामड्याच्या खोळीत भिंगाला बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात बॅटरी काढून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. समुद्रावरून आल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.

एक गोष्ट मात्र अण्णांपासून लपविली नाही आणि वाचकांपासूनही लपवू नये. कॅमेऱ्यात फिल्म नाही हे खरे. पण छायाचित्रांच्या लॅबमध्ये ज्या चकचकीत कागदावर प्रती काढतात, त्याच्या थरातही जिलेटिन असते. हे सांगितले तेव्हा अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टीव्हीवर दिसतात ना? पुरे." ज्यांना हातात धरावयास प्रत हवी, त्यांनी घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर शाईने काढावी. रंग उतरतात, परंतु तो थर त्यात नसतो. आम्ही सर्व छायाचित्रे दोन सीडींवर घालून घेतली. एक कोल्हापुरास, दुसरी पुण्यास भावाकडे.

घर सोडण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत अण्णांनी ३०० हून अधिक छायाचित्रे काढली. त्यांत विहिरीचा रहाट सात वेळा आहे, दुकानाच्या गल्ल्याचा झिजलेला कोपरा आहे, आणि पडवीत तांदूळ निवडणारी आई आहे, तिच्या नकळत टिपलेली. सामान बांधताना कपाटातून क्लिक थ्री निघाला. आतला अर्धा रोल धुण्यास द्यावा का, असे मी विचारले. अण्णांनी कॅमेरा हातात घेऊन मागची लाल काच पाहिली. "आठावा आकडा आहे," ते म्हणाले, आणि तो त्यांनी कापडात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवला.